नळाखाली धुतलेली सीडी

यवतमाळात दर रविवारी सकाळी साडेनऊला एका निवृत्त दंतवैद्याच्या दिवाणखान्यात आठ-नऊ माणसं जमून सीडी ऐकतात. मीही तीन वर्षं जात होते. आता जात नाही. मला काढलं की मी सोडलं याबद्दल गावात दोन मतं आहेत आणि दोन्ही माझ्या कानावर आली आहेत. जे मी तिथं बोलले ते चुकलं असं मला आजही वाटत नाही. बोलायला तीन वर्षं लावली, तेवढ्याची मात्र लाज वाटते.

डॉक्टरांनी उभा जन्म लोकांच्या तोंडात पाहण्यात घालवला. समोरच्याचं तोंड उघडं आहे पण त्याला बोलता येत नाही, अशा परिस्थितीत माणसाची मतं फार लवकर पक्की होतात. त्यांच्याकडे आधी रेकॉर्डी होत्या, मग सीड्या आल्या. हल्ली सगळं जग फोनवर गाणी ऐकतं, म्हणून तर आमच्या मंडळाला आपण काहीतरी जपतो आहोत असं वाटायचं. भिंतभर कपाटं, मधोमध यंत्र, समोर अर्धगोलात खुर्च्या. मधला सोफा डॉक्टरांचा. त्यांच्या उजवीकडे एक निवृत्त नायब तहसीलदार बसायचे, ज्यांना सगळे तहसीलदारसाहेब म्हणत आणि ज्यांनी कधीही कुणाची ती चूक दुरुस्त केली नाही. दाराजवळ प्लॅस्टिकच्या खुर्च्या होत्या. त्यांतल्या एकीवर मी.

सीडी नुसती लावायची नाही, आधी तिच्यावर उपचार करायचे, हा तिथला नियम होता. उपचार हा डॉक्टरांचाच शब्द. एका बाटलीत निळसर द्रव असे, तो कुठूनसा मागवलेला. त्याचे थेंब टाकून मखमली फडक्यानं सीडी गोल गोल पुसायची. मग तिच्या कडेला हिरवा मार्कर फिरवायचा, कारण आत प्रकाश भटकतो म्हणे, आणि हिरवा रंग त्याला आवरतो. नंतर एक रात्र ती फ्रीजरमध्ये. शेवटी तळमजल्यावरच्या बंद दवाखान्यात नेऊन, पेशंटच्या जुन्या खुर्चीच्या ट्रेवर दिव्याखाली ठेवून, दातांना लावायच्या पेस्टनं आणि फिरत्या ब्रशनं पॉलिश. मी एकदा पाहिलं आहे. डॉक्टरांनी मास्क लावला होता.

एवढं झालं की रविवारी ती सीडी लागे. ऐकून झालं की डॉक्टर उजवीकडून सुरुवात करत एकेकाकडे बघत. तहसीलदार डोळे मिटून म्हणत, "पडदा उठला." पुढचाही म्हणे, पडदा उठला. कुणी जरा भर घाली. गायिका दोन पावलं पुढे आल्यासारखी वाटली, तानपुरा आधी भिंतीत होता तो आता खोलीत आला. असं करत करत फेरी दारापर्यंत पोहोचायची.

माझ्या पहिल्या रविवारी फेरी माझ्यापर्यंत आली तेव्हा मी म्हणाले, "तबल्याची शाई वेगळी ऐकू आली." हे वाक्य मला कुठून सुचलं माहीत नाही. तबल्याची शाई वेगळी ऐकू येणारा कान माझ्याकडे नाही, तो कुणाकडे असेल असंही मला वाटत नाही. पण डॉक्टर प्रसन्नपणे हसले आणि पुढच्या रविवारी मला बशीत दोन करंज्या जास्त आल्या. माणूस असा विकला जातो.

खरं म्हणजे मला हे कळायला हवं होतं. मी आर्णीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होते. पुस्तकांच्या मागच्या खिशात सीड्या येत, त्यांची निगा माझ्याकडे होती. मुलं त्या कशाही ठेवत. एकदा एकीवर चटणी होती. मी त्या साबणाच्या पाण्यानं धुवायचे, आतून बाहेरच्या दिशेनं पुसायचे, आणि त्या लागायच्या. ज्या आधीच लागत होत्या त्या धुतल्यानं जास्त चांगल्या लागायला लागल्या, असं कधी झालं नाही. सीडीत गाणं नसतं, आकडे असतात. यंत्र खालून उजेड टाकून ते वाचतं. थोडे चुकले तर आपणच दुरुस्त करून घेतं, फार चुकले तर अडखळतं. म्हणजे घाणीनं गाणं अडकू शकतं, पण आकडे एकदा बरोबर वाचले गेले की त्यांना आणखी बरोबर वाचता येत नाही. बाराखडी स्वच्छ चष्म्यातून वाचली म्हणून तिच्यात अक्षर वाढत नाही.

दुसरीही एक गोष्ट मला माहीत होती, आणि ती मी स्वतः चूक करून शिकले होते. आपण सीडीची चकचकीत बाजू जपतो. नाजूक असते ती वरची, नावाची बाजू. त्या नावाखाली लगेच चांदीसारखा पातळ पापुद्रा असतो आणि सगळं त्यातच लिहिलेलं असतं. कॉलेजात एका सीडीवर दाखल क्रमांकाची चिठ्ठी वाकडी लागली होती. मला वाकडं सहन होत नाही. मी ती नखानं सोलली. चिठ्ठीबरोबर चांदी आली. सीडी उजेडासमोर धरली तर मला तिच्यातून समोरच्या खिडकीचे गज दिसले.

इतकं माहीत असून मी तीन वर्षं दर रविवारी पडदा उठवत राहिले. घरी एकटीच असते मी. रविवारी सकाळी जायला एक जागा होती.

दाराजवळच्या दुसऱ्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर एक निवृत्त बस कंडक्टर बसायचे. मी यवतमाळहून आर्णीला रोज ये-जा करायचे तेव्हा सकाळच्या बसला तेच असत. खिडकीची जागा माझ्यासाठी पिशवी ठेवून धरायचे आणि मला ताई म्हणायचे. आता आर्णीजवळच्या आपल्या बंजारा तांड्यात राहतात, थोडी कपाशी, थोडी तूर. डॉक्टरांनी त्यांना कवळी बसवून दिली होती. त्या उपकाराखाली ते दर रविवारी दुचाकीवरून एवढं अंतर तोडून यायचे. फेरी त्यांच्याकडे आली की म्हणायचे, "उठला जी, पडदा उठला," आणि माझ्याकडे बघायचे नाहीत.

या उन्हाळ्यात एका रविवारी त्यांनी पिशवीतून एक सीडी काढली. वर कागदाचं गोल लेबल, त्यावर गणपती आणि एका नवरा-नवरीचा फोटो.

"डॉक्टरसाहेब, हे जरा पाह्यजा. हिच्यात माही याडी हाये."

याडी म्हणजे आई. बंजाऱ्यांच्या लग्नात नवरी सासरी निघताना रडत रडत गाते, त्या गाण्यांना ढावलो म्हणतात. कंडक्टरांची आई त्यात पंचक्रोशीत नावाजलेली. नवरीच्या मागे बसायची आणि नवरीला एकेक ओळ उचलून द्यायची. कुठल्याशा लग्नात आर्णीच्या फोटोवाल्यानं तिचं गाणं भरून घेतलं आणि त्याच्या सीड्या वाटल्या. आता आई नव्हती. फोटोवाल्यानं दुकान बंद केलं होतं. बाकीच्या सीड्या तांड्यात कुणी चिमण्या हाकायला शेतात टांगल्या, कुणी पोरांना खेळायला दिल्या. राहिली ती ही एक.

"माह्या पोट्टीचं लगन हाये तीन हप्त्यांनी," ते म्हणाले. "ते शहरात शिकली. तिले ढावलो येत नाही. ते म्हणते, बाबा, दादीचा लावा, मी तिच्या मांगं मांगं म्हणतो. पण हे दुसऱ्या गाण्यात अडकते. एकच शब्द घेऊन बसते. जसं काही याडीले उचकी लागली."

"रोज पुसता ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"दररोज. तुमी देल्लं तेच फडकं, तेच निळं पानी. गोल गोल."

डॉक्टरांनी सीडी बोटांच्या टोकांवर तोलली. "हे कागदी लेबल आधी काढावं लागेल. वजन एका बाजूला जातं, त्यानं यंत्र थरथरतं. मग पूर्ण उपचार करू, वरच्या बाजूलाही पॉलिश देऊ. तुमच्या आई समोर येऊन बसतील बघा."

"मोठा योग आहे तुमचा," तहसीलदार म्हणाले.

मी म्हणाले, "लेबल काढू नका."

त्या खोलीत कुणी डॉक्टरांना नको म्हटल्याचं मला आठवत नाही. 

"मॅडम?" डॉक्टर म्हणाले.

मी माझ्या खिडकीच्या गजांची हकीकत सांगितली. लेबल निघेल, त्याच्याबरोबर याडीही निघेल, असं म्हणाले. आणि जीभ सुटलीच होती म्हणून पुढचंही बोलून गेले. म्हटलं, "आणि खरं सांगायचं तर या उपचारांनी आवाजात काहीही फरक पडत नाही. मला कधीच पडलेला ऐकू आला नाही."

"पहिल्याच दिवशी तुम्हाला शाई ऐकू आली होती," तहसीलदार म्हणाले. हा माणूस नोकरीत असताना कागद बरोबर ठेवत असणार.

"खोटं बोलले होते," मी म्हणाले.

डॉक्टर रागावले नाहीत. भूल अजून न उतरलेल्या पेशंटशी बोलावं तसं ते बोलले. "कान तयार व्हायला वेळ लागतो, मॅडम. काहींचे होत नाहीत."

मग मीच म्हटलं, पाहू या. एका जुन्या गायिकेच्या ठुमऱ्यांची सीडी डॉक्टरांकडे होती, तीच माझ्याकडेही होती. माझ्या प्रतीवर काहीच उपचार नव्हते, अगदी अशिक्षित सीडी. पुढच्या रविवारी यंत्रासमोर चादर धरायची, मागे डॉक्टरांच्या बायकोनं बसायचं आणि दोन्ही सीड्या तिच्या मर्जीच्या क्रमानं लावायच्या. क्रम तिनं चिठ्ठीवर लिहायचा. कोणत्या वेळी पडदा उठला ते आम्ही हात वर करून सांगायचं. डॉक्टर लगेच कबूल झाले. त्यांची खात्री होती, हे मला त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं. त्यांनी कुणाला कधी फसवलं नाही. म्हणूनच त्यांच्याशी भांडणं अवघड होतं.

कंडक्टरांनी आपली सीडी पिशवीत परत ठेवली. "मंग पुढच्या रविवारीच ठरवू," ते म्हणाले.

पुढच्या रविवारी अकरा माणसं आली. एरवी न येणारे दोघे खास आले होते. वऱ्हाडात फुकटचं भांडण पाहायला माणूस ऊन बघत नाही. दोन खुर्च्यांच्या पाठींना बांधून फुलाफुलांची चादर लावली. मागे डॉक्टरांची बायको. या बाईंनी एवढ्या वर्षांत पडद्याबद्दल एकदाही मत दिलं नव्हतं. त्या चहा आणत आणि कप मोजून परत नेत.

पहिली लागली. ठुमरी झाली. तहसीलदारांनी कपाळाला आठ्या घालून मान हलवली, अंगावर मळकं पांघरूण घातल्यासारखी.

"दुसरी लावा," डॉक्टर म्हणाले.

चादरीमागे जरा खुडबुड झाली. बराच वेळ झाली. डॉक्टरांनी पुन्हा हाक मारली. मग ठुमरी सुरू झाली आणि पहिल्या अर्ध्या मिनिटातच खोलीत एक समाधानाचा सुस्कारा फिरला. हात वर गेले. एक, दोन, पाच. मला लिहिताना आनंद होत नाही, पण माझाही हात मांडीवरून सुटला होता. खरंच जरा मोकळं वाटलं मला. गाणाऱ्या बाई जरा पुढे आल्यासारख्या. मी तो हात दुसऱ्या हातानं धरून ठेवला.

"दुसरी," डॉक्टर म्हणाले. "एकमतानं. फक्त मॅडम सोडून. चिठ्ठी वाचा."

चादरीवरून डॉक्टरांच्या बायकोचं डोकं वर आलं. "चिठ्ठी नाही लिहिली," त्या म्हणाल्या. "दोन्ही वेळा मॅडमचीच लावली."

"म्हणजे?"

"अहो, तुमची काल रात्री परत फ्रीजरमध्ये ठेवली, ते अजून तिथंच हाये. तुरीच्या ओल्या दाण्याच्या, सोल्याच्या पिशवीखाली. सकाळी काढायची विसरली मी. आता लक्षात आलं, तर तुम्ही ओरडून राहिले, लावा लावा. मंग तीच परत लावली."

कुणीतरी हसलं आणि खोकल्यासारखं केलं. दाराजवळून कंडक्टरांचा आवाज आला, "म्हंजे पडदा सोल्याखालीच होता."

मला वाटलं, झालं. एवढ्यावर कुठलाही माणूस हसून मान्य करील. माणसांबद्दल माझं वाचन पुष्कळ आहे, पण अंदाज कच्चा. डॉक्टर म्हणाले, "यातून सिद्ध एवढंच होतं, की दुसऱ्यांदा ऐकताना कान तयार झालेले असतात. उपचारांविषयी यातून काहीच सिद्ध होत नाही."

"प्रयोग बाद धरावा," तहसीलदार म्हणाले.

"बाद," आणखी दोघे म्हणाले. हे तेच होते, ज्यांचे हात सगळ्यात आधी वर गेले होते.

मी उभी राहिले. माझी सीडी यंत्रातून काढून घेतली. म्हटलं, "उजवीकडून फेरी सुरू करता, तिथंच खोट आहे. पहिला काय म्हणतो ते ऐकून पुढचे ऐकतात. एकदा दाराकडून सुरू करून बघा." त्यावर डॉक्टर म्हणाले की या मंडळात ज्यांना ऐकायचं आहे त्यांनी बसावं, ज्यांना फक्त शंका काढायच्या आहेत त्यांच्यासाठी गावात इतर जागा आहेत. मला काढलं की मी सोडलं, त्याचं उत्तर या वाक्यात कुठंतरी आहे. ज्यानं त्यानं शोधावं.

मग डॉक्टर कंडक्टरांकडे वळले आणि हात पुढे केला. "आणा ती सीडी. खाली जाऊन लेबल काढून टाकू."

कंडक्टर पिशवी छातीशी धरून उभे होते. मला वाटलं, देतील. ती कवळी त्यांच्या तोंडात होती. आणि सीडी माझी नव्हती, आई माझी नव्हती. मी फक्त म्हणू शकत होते, नका देऊ. तेही म्हणून झालं होतं.

"डॉक्टरसाहेब," ते म्हणाले, "गॅरंटी घेता काय?"

"अशा गोष्टींची गॅरंटी नसते."

"कवळीची तं देल्ती तुमी." मग माझ्याकडे बघून, "ताई, तुमी घेता?"

"मीही नाही," मी म्हणाले. "मी साबण आणि पाणी लावीन. बाकी काही करणार नाही. अडकायचं तिथं अडकलीच, तर निदान आता आहे त्याहून वाईट होणार नाही."

ते थोडा वेळ त्या हिरव्या कडांच्या सीड्यांच्या कपाटाकडे बघत राहिले. मग डॉक्टरांना वाकून नमस्कार केला, अगदी मनापासून, आणि मला म्हणाले, "चला ताई. डबल बेल."

आमच्या भागात त्या दिवशी नळ आले होते. ते चार दिवसांनी येतात, त्यामुळे सगळी गल्ली पाणी भरण्यात गुंतली होती. मी बादल्या बाजूला सारून मोरीतला नळ बारीक सोडला. कंडक्टर दाराबाहेर पाठ करून उभे राहिले.

"मी पाह्यत नाही," ते म्हणाले. "पाण्यात घातली म्हंजे मले कसंतरीच होते. तुमी सांगजा फक्त."

सीडीवर लग्नघरातलं सगळं होतं. तेलकट बोटं, हळदीचा एक पिवळा ठसा, आणि त्या निळ्या द्रवाचा सुकलेला थर, ज्यात धूळ नीट चिकटून बसली होती. लेबलाला पाणी लागू नये म्हणून ती उलटी, तिरपी धरली. भांड्यांच्या साबणाचा एक थेंब बोटावर घेतला आणि मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ रेषेत फिरवला, सूर्य काढताना लहान मुलं किरण काढतात तसा. पाण्यानं धुतली, जुन्या सुती साडीच्या तुकड्यानं तसंच टिपलं. सगळं मिळून पोळी भाजायला लागतो तेवढा वेळ.

आणि मग उन्हात धरली तेव्हा मला ते दिसलं. घाण गेल्यावर खाली बारीक ओरखडे. सगळे गोल. एकाच्या बाहेर एक, पाण्यात खडा टाकल्यावर उठणाऱ्या वलयांसारखे.

रेकॉर्ड गोलच पुसतात. तिच्या रेघा गोल असतात, धूळ रेघेत असते, म्हणून रेघेच्या दिशेनं पुसायचं. डॉक्टरांचा हात जन्मभर रेकॉर्डींवर बसलेला, तो सीडीवरही तसाच फिरला, आणि त्यांनी तोच सगळ्यांना शिकवला. सीडीत आडवा ओरखडा यंत्राला सहज ओलांडता येतो, उडी मारून नाली ओलांडावी तसा. गोल ओरखडा वाचायच्या वाटेबरोबरच चालतो. तिथं यंत्र ओलांडणार काय?

माझ्या जुन्या यंत्रात सीडी लावली. कंडक्टर आत आले, जमिनीवरच बसले. पहिलं गाणं झालं. दुसरं सुरू झालं तसे त्यांनी दोन्ही हातांनी गुडघे धरले. तो अडकायचा शब्द आला आणि गेला. म्हातारी सरळ पुढे गेली, थांबलीसुद्धा नाही.

"गेली," ते म्हणाले. "ताई, गेली ना हो!"

तिसऱ्या गाण्यात मात्र एका जागी बारीक टक् झालं आणि अर्धी ओळ नाहीशी झाली. परत लावली. परत तिथंच. चार वेळा लावली.

"आंधी हे नव्हतं," ते म्हणाले. "आंधी तिसऱ्यापर्यंत जातच नव्हती म्हना. हे कायनं झालं?"

इथं मला खोटं बोलता आलं असतं. जुनी झाली, उन्हानं झालं, काहीही. त्यांना बरं वाटलं असतं. पण त्या सकाळी एका खोलीतून मी एवढ्यासाठीच उठून आले होते. तिथं खरं आणि इथं गोड बोलायचं असेल तर मग करंज्या काय वाईट होत्या?

"गोल पुसल्यानं," मी म्हणाले. "फडक्यानं."

त्यांनी पिशवीची घडी घातली, परत उलगडली. मग म्हणाले, "मी तं दररोज पुसत होतो. जेवायच्या आंधी." आणि थोड्या वेळानं, "डॉक्टरवर राग नोका धरू ताई. त्यायनं आपल्या सीड्यापन तशाच पुसल्या."

मी धरला होता. अजूनही धरला आहे.

"आवाज साफ झाला काय पन?" त्यांनी विचारलं.

"नाही. होता तेवढाच आहे."

तसाच होता. मागे कुणाच्या तरी कुकरच्या शिट्ट्या, एक बकरी, फोटोवाल्याचं "माईक जवळ घ्या" आणि त्यातून त्या बाईचा खरबरीत, अजिबात न थकणारा आवाज. पडदा वगैरे काही उठला नाही. पडदा नव्हताच. त्याच दुपारी मी त्याची प्रत कॉम्प्युटरवर उतरवली, दोन पेन ड्राइव्हवर टाकली आणि सीडी साडीच्या तुकड्यात गुंडाळून त्यांच्या हातात दिली. म्हटलं, आता हिला पुसायचं नाही. प्रेमानंसुद्धा नाही.

लग्न तांड्यातच झालं. मंडपात मोठमोठे स्पीकर लावले होते. पाहुण्यांच्या सोफ्यावर डॉक्टर आणि त्यांची बायको बसली होती. कंडक्टरांनी त्यांना घरी जाऊन आमंत्रण दिलं होतं. मलाही त्याच सोफ्यावर आणून बसवलं. त्या माणसाच्या मनात काही नव्हतं, किंवा फार होतं.

निरोपाची वेळ झाली. नवरी मधे बसली. तिच्यामागे तांड्यातल्या म्हाताऱ्या बायका दाटीनं बसल्या, आणि स्पीकरवर तिची दादी गाऊ लागली. पोरीनं पहिल्या दोन ओळी हळू म्हटल्या. तिसरीला तिचा आवाज फुटला आणि मग तिला थांबवणं कुणाच्या हातात राहिलं नाही. दुसरं गाणं सुरळीत गेलं. कंडक्टर मंडपाच्या खांबाला धरून उभे होते. तिसरं सुरू झालं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ती जागा येत होती.

टक् झालं. म्हातारीची अर्धी ओळ गेली. आणि मागे बसलेल्या बायकांनी ती उचलली. कुणी खूण केली नाही, कुणी कुणाकडे पाहिलं नाही. त्यांना ती ओळ तोंडपाठ होती, त्या तशाही मनात म्हणतच होत्या. तेवढी अर्धी ओळ सात-आठ म्हाताऱ्या गळ्यांतून मोठ्यानं आली आणि पुढे स्पीकरमधली म्हातारी त्यांना येऊन मिळाली.

डॉक्टर माझ्याकडे झुकले. त्यांचे डोळे ओले होते, हेही सांगायला हवं. "ही ओळ ऐकलीत?" ते म्हणाले. "बाकीचं ठीक. पण ही एक ओळ! किती स्पष्ट. ते फडकं वाया गेलं नाही, मॅडम. इथं पडदा उठला."

"डॉक्टर," मी म्हणाले, "तेवढीच ओळ सीडीत नाहीये. तुमच्या फडक्यानं गेली ती. आत्ता या समोर बसलेल्या बायका म्हणाल्या."

त्यांनी बायकांकडे पाहिलं. मग स्पीकरकडे. मग पुन्हा बायकांकडे. त्यांच्या बायकोनं पदर तोंडाशी धरला, रडायला की हसायला ते मला दिसलं नाही.

"कान तयार व्हायला वेळ लागतो," मी म्हणाले. हे म्हणायची गरज नव्हती. पण तीन वर्षं मी तिथं गरज नसलेलंच बोलत आले होते, हे निदान खरं होतं.

समोर कंडक्टर खांब सोडून खाली बसले होते आणि पोरीबरोबर पुढची ओळ म्हणत होते.